टाइप वन, गोड खाणं आणि एका रेशोसाठी घातलेल्या खेपा

मला टाइप वन डायबेटिस आहे आणि मी केक खाते. मोजून, इन्सुलिन घेऊन, मजेत खाते. हे इतक्या सहज लिहिता येण्यासाठी जी माहिती हवी होती, ती दवाखान्यातून मिळवताना माझा जो जीव मेटाकुटीला आला, त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही. नव्याने निदान झालेल्या कुणाच्या तरी त्या खेपा वाचाव्यात म्हणून लिहितेय.

सुरुवातीचं सगळं भराभर झालं. इन्सुलिनच्या पेनची सुई बदलणं, टोचायची जागा फिरवत ठेवणं, ग्लुकोमीटर, सगळं नर्सनी मायेनं शिकवलं. घोडं अडलं ते आहाराच्या कागदापाशी.

तो कागद झेरॉक्सची झेरॉक्स होता, काही अक्षरं तर निम्मी उडालेली. निम्म्या भागात वजन कसं कमी करावं याच्या सूचना होत्या. निदानाआधीच माझं वजन इतकं उतरलं होतं की कपडे ढगळ झाले होते! खाली 'साखर, केक, चॉकलेट, आइस्क्रीम: वर्ज्य' असं छापलेलं आणि त्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारलेल्या. इन्सुलिनचे डोस ठरलेले, रोज तेवढेच. म्हणजे जेवण कमी झालं की शुगर घसरणार, जास्त झालं की चढणार, आणि मी नुसतं बघत बसायचं.

मी आहारतज्ज्ञ मॅडमना विचारलं, "इन्सुलिनच्या एका युनिटला किती ग्रॅम कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, हे माझ्यासाठी कसं ठरवायचं?" उत्तर आलं, "गोड खाऊच नका, म्हणजे प्रश्नच येणार नाही."

प्रश्न कसा येणार नाही? ब्रेड, भात, बटाटा, फळं, दूध, सगळ्यात कार्ब असतातच. पांढऱ्या ब्रेडचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती वेगाने चढते त्याचा आकडा) साधारण ७५ आणि साध्या साखरेचा ६५ च्या आसपास. साखर बंद केली तरी ब्रेडचा हिशेब कुणाला चुकलाय? आणि शुगर ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम साखर घ्या, असं त्याच फाइलमधला दुसरा कागद सांगत होता. साखरेला आहाराचा भाग म्हणून एकूण कार्बमध्ये धरायला हरकत नाही, हे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने १९९४ मध्येच म्हटलं होतं. मग मला ते का सांगितलं गेलं नाही?

मॅडम म्हणायच्या, रेशो, म्हणजे एका युनिटला किती ग्रॅम कार्ब हा आकडा, डॉक्टर ठरवतात. डॉक्टर म्हणायचे, कार्ब मोजणं मॅडम शिकवतील. खिडकीवर एकच उत्तर: पुढची तारीख घ्या. तारीख यायची, बाकावर तासन् तास जायचे, आत गेलं की फाइल चाळून तेच डोस पुन्हा लिहिले जायचे. सगळ्यात जास्त मनस्ताप कशाचा झाला असेल तर तो याचा की कुणी 'नाही' म्हणत नव्हतं. नुसतं दुसऱ्या दारावर पाठवत होते.

काम झालं ते वहीमुळे. जेवणाआधीची शुगर, कार्बचे ग्रॅम, युनिट्स आणि काही तासांनंतरची शुगर, एवढंच मी रोज लिहीत होते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तीन प्रश्न लिहिले: माझा रेशो किती, एक युनिट माझी शुगर कितीने उतरवतं, आणि जेवणाआधी किती मिनिटं टोचायचं. फाइल उघडली जायच्या आत ती वही टेबलावर ठेवली. त्या दिवशी नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. बदली आलेल्या डॉक्टरीणबाईंनी वही शेवटपर्यंत वाचली. दिवसभराच्या एकूण इन्सुलिनने ५०० ला भागलं. माझी ४० युनिट्स, म्हणजे साधारण १२ ग्रॅमला एक युनिट. हा फक्त अंदाज, खरा आकडा वहीच सांगेल, असं म्हणून त्यांनी माझ्याच नोंदींवर तो पडताळून दाखवला. काही मिनिटांचं काम! बाहेर येऊन मला रडू आलं, त्यात आनंद कमी आणि संताप जास्त होता.

आता केकचं सांगते. आधी वजनकाटा घ्या, डोळ्यांचा अंदाज फार फसवतो. लेबलवर 'पैकी साखर' असतं ते सोडा, एकूण कार्बोहायड्रेट बघा, आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका तुकड्याचा तेही बघा. १०० ग्रॅमला ५० ग्रॅम कार्ब असतील तर ६० ग्रॅमच्या तुकड्यात ३० ग्रॅम. माझ्या रेशोने अडीच युनिट्स. अर्ध्या युनिटचं पेन मिळतं, ते मागून घ्या. तुमचा रेशो वेगळा असणार, माझा उचलू नका.

वेळेला फार महत्त्व आहे. रॅपिड इन्सुलिन, म्हणजे जेवणासाठी घ्यायचं लवकर काम करणारं इन्सुलिन, काम सुरू करायलाच १५ मिनिटांच्या आसपास घेतं आणि त्याचा जोर तासा-दोन तासांनी येतो, म्हणून मी आधी टोचते. शुगर आधीच कमी असेल तर मात्र असं थांबायचं नाही.

आइस्क्रीमचं गणित वेगळं. त्यातल्या फॅटमुळे साखर सावकाश चढते, त्यामुळे सगळा डोस आधी घेतला तर सुरुवातीला शुगर उतरते आणि नंतर उशिरा वर जाते. मी डोस दोन भागांत घेते, इन्सुलिन पंपवाल्यांना एक्सटेंडेड बोलस, म्हणजे डोस हळूहळू सोडायची सोय, वापरता येतो. डोस असा तोडायचा तर तो आधी डॉक्टरांशी ठरवून घ्या.

खाल्ल्यावर तासाभरात आकडा चढलेला दिसला की हात लगेच पेनाकडे जातो. थांबा. आधीचं इन्सुलिन तीन-चार तास अंगात काम करत असतं, त्यावर आणखी घेतलं की नंतर शुगर धाडकन खाली येते. अंगावर लावायचा, सतत शुगर दाखवणारा सेन्सर असेल तर तोही रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो.

हायपोसाठी, म्हणजे शुगर फार खाली गेली तर, चॉकलेट नको, हे लिहायचं राहिलंच. त्यातली फॅट साखरेला अडवून धरते. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळांचा रस घ्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. 'शुगर फ्री' लिहिलेल्या चॉकलेटमध्येही बऱ्याचदा माल्टिटॉल हा साखरेऐवजी वापरलेला गोड पदार्थ असतो, त्यानेही शुगर चढते.

रेशो मिळाला की तो तारीख टाकून फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी समोर कुणीही असलं तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सकाळचा रेशो वेगळा असू शकतो, तोही विचारा. माझा वेगळाच निघाला: सकाळी १० ग्रॅमला एक.