माळ्यावरची कॅसेट

आज माळा आवरायला घेतला आणि रॉक मशीन या रॉक बँडची कॅसेट हाताला लागली. फीत बाहेर लोंबत होती. पेन्सिल घालून गुंडाळत बसलो, आवराआवर राहिली बाजूला. (बायकोचा चेहरा कसा झाला असेल ते सांगत नाही.)

१९८४ साली मुंबईत जमलेला हा बँड. उदय बेनेगलचा आवाज, महेश तिनईकरची गिटार. तेव्हा कॉलेजच्या फेस्टला पब्लिकला परदेशी बँडचीच गाणी हवी असायची, स्वतःचं वाजवलं की हुर्यो. तरी या पोरांनी स्वतःची गाणी लिहिली, १९८८ मध्ये अल्बमही काढला. धोबीतलावच्या रंगभवनात उघड्यावर ते ऐकताना छातीत ड्रम वाजायचे. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमापायी तिथलं वाजवणंच थांबलं, तो राग माझा अजून गेलेला नाही.

१९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं. मला जुनंच आवडायचं. १९९७ मध्ये फुटले, २०१० मध्ये परत जमले, २०१२ मध्ये नवा अल्बम. तेवढ्यात आमचे केस गेले.

फीत नीट बसली एकदाची. टेपरेकॉर्डर मात्र गेल्या दिवाळीत भंगारात दिलाय.