ग्लाइड बॉम्बच्या मागे लागू नका, विमानाची उंची काढून घ्या

सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी असलेली गावं काही कमी नाहीत, त्यामुळे युक्रेनच्या लढाईवर बोलणं निघालं की प्रश्नही नेमका येतो: आपल्याकडे एस-400 आणि ‘आकाश’ ही विमानविरोधी क्षेपणास्त्रं आहेत, मग वरून येणारा ग्लाइड बॉम्ब (पंखांवर तरंगत लांब जाणारा बॉम्ब) सरळ पाडायचा की! प्रश्न रास्त आहे. पण पाडणं हा या कामातला सर्वात महागडा आणि सर्वात शेवटचा उपाय आहे. का, ते हिशोबानेच बघू.

आधी वस्तू समजून घ्या. रशियाचा फाब-500 एम-62 हा 1962 च्या आराखड्याचा साधा लोखंडी बॉम्ब, आत सुमारे 300 किलो स्फोटकं. त्याला यूएमपीके नावाचा संच बांधतात: टाकल्यावर उघडणारे पंख, हलणारी शेपटी, उपग्रहाचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रणा आणि बॅटरी. इंजिन नाही. 2023 पासून हे संच आघाडीवर सर्रास दिसू लागले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये युक्रेनचं अवदिव्का शहर पडलं त्यात यांचा वाटा मोठा होता. अमेरिकेचा जेडॅम-ईआर, फ्रान्सचा हॅमर हे त्याच कुळातले. हॅमरला मागे छोटं रॉकेटही असतं.

आता पल्ला. इंजिन नसलेल्या वस्तूकडे दोनच भांडवलं असतात, उंची आणि वेग. रशियाच्या सुखोई-34 या बॉम्बफेकी विमानाने 11 किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला 280 मीटर वेगाने बॉम्ब सोडला, तर त्या वेगाची किंमत आणखी 4 किलोमीटर उंचीइतकी होते. एकूण 15. शेवटी बॉम्बला सेकंदाला 200 मीटरचा वेग शिल्लक हवा, त्याचे 2 वजा करा. उरले 13. एक किलोमीटर खाली येताना बॉम्ब पाच किलोमीटर पुढे सरकतो असं धरलं तर पल्ला 65 किलोमीटर. आपल्या नकाशावर सांगायचं तर कराडच्या डोक्यावरून सोडलेला बॉम्ब साताऱ्यावर आरामात येतो (सरळ रेषेत 47 किलोमीटर) आणि दुसऱ्या बाजूला सांगलीलाही जेमतेम गाठतो.

तेच विमान 3 किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला 250 मीटर वेगाने सोडायला लावलं तर? त्याच गणिताने पल्ला 21 किलोमीटर. म्हणजे बॉम्बला हातही न लावता दोन तृतीयांश पल्ला गेला, आणि 21 किलोमीटरवरून बॉम्ब टाकायला येणारं विमान आघाडीवरच्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या तोंडात येतं. सगळी लढाई या उंचीची आहे.

उंची काढून घ्यायची म्हणजे वर गेल्यास मरण आहे ही भीती वैमानिकाच्या मनात बसवायची. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान सपाट मुलखात 400 किलोमीटरवरच्या रडारला दिसतं. 300 मीटरवरून येणारं 85 किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. (आपल्याकडे सह्याद्रीच्या रांगा मध्ये आल्या की तेही विसरा. कृष्णेच्या खोऱ्यातून खालून येणारं विमान डोंगराआडच्या रडारला अगदी जवळ आल्यावरच कळेल.) म्हणून विमानं खालून येतात, अचानक वर चढतात, बॉम्ब सोडतात आणि लगेच पाठ फिरवतात. दिसण्याची खिडकी तेवढीच.

या खिडकीत गाठायला लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांची बॅटरी, म्हणजे लाँचर आणि रडारची तुकडी, पुढे न्यावी लागते. विमान आघाडीच्या 45 किलोमीटर मागे, बॅटरी आपल्या बाजूला तितकीच मागे, म्हणजे अंतर 90. क्षेपणास्त्राचा सरासरी वेग सेकंदाला एक किलोमीटर धरला तरी दीड मिनिट लागतं, आणि तेवढ्यात पळणारं विमान 25-27 किलोमीटर आणखी दूर जातं. अमेरिकी पॅट्रियट क्षेपणास्त्राचा कागदावरचा 160 किलोमीटरचा पल्ला इथे आखडतो. म्हणून रात्री हलायचं, रडार बंद ठेवून बसायचं, मागच्या रडारकडून माहिती घ्यायची, काही मिनिटंच स्वतःचं रडार चालू करून मारायचं आणि जागा सोडायची. चूक होते ती शेवटच्या पायरीवर. आवरून निघायला उशीर झाला किंवा दिवसाउजेडी ताफा रस्त्यावर दिसला की ड्रोन पाहतो आणि मागून क्षेपणास्त्र येतं. मार्च 2024 मध्ये युक्रेनच्या पोक्रोव्हस्क शहराच्या बाजूला पॅट्रियटचे लाँचर असेच गेले. चार लाँचर मुक्कामाला ठेवून ‘आकाश बंद केलं’ म्हणणारा अधिकारी बॅटरी गमावतो.

दुसरा मार्ग विमानतळाचा. ऑगस्ट 2024 मध्ये युक्रेनने रशियातल्या मोरोझोव्हस्कच्या तळावर ड्रोनने मारा केला, तिथे ग्लाइड बॉम्बचा साठा होता. आमच्या मते उभ्या विमानापेक्षा साठा हे चांगलं लक्ष्य आहे: विमान उडून जातं, बॉम्बच्या राशी जात नाहीत. आणि तळ मागे हलवला तरी फायदा होतोच. 150 किलोमीटरऐवजी 500 किलोमीटरवरून यायचं म्हणजे ताशी 800 च्या वेगाने एका बाजूला 11 ऐवजी 38 मिनिटं. दिवसातल्या फेऱ्या आपोआप घटतात.

जॅमिंगबद्दल, म्हणजे बॉम्बला मिळणारा उपग्रहाचा सिग्नल दाबून टाकण्याबद्दल, गैरसमज फार. लक्ष्यापाशी एक जॅमर ठेवला की झालं, असं नाही. उपग्रहाचा सिग्नल तुटला की बॉम्ब जडत्वाच्या यंत्रणेवर जातो. स्वस्त सेन्सरमध्ये एक हजारांश जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण) इतकी चूक धरली तर ती वेळेच्या वर्गाने वाढते: 20 सेकंदांत 2 मीटर, 100 सेकंदांत 50, 200 सेकंदांत जवळजवळ 200. शेवटच्या 20 सेकंदांत जॅम करून काहीच मिळत नाही. सिग्नल आघाडीपासूनच तोडायला हवा. त्यात अँटेनाची भानगड आहे. बॉम्बवरच्या रशियाच्या कोमेता अँटेनामध्ये आधी चार घटक होते, मग आठ, मग सोळा. घटक जितके, त्याहून एक कमी इतक्या दिशांचे जॅमर ती कान बंद करून टाळू शकते. म्हणून एक ताकदवान जॅमर निरुपयोगी. वेगवेगळ्या दिशांना पसरलेले पुष्कळ छोटे हवेत. आणि ते चालू केले की आपलेच ड्रोन आंधळे होतात. वेळापत्रक ठरवलं नसेल तर ड्रोनवाले आणि जॅमरवाले यांची भांडणं ठरलेली.

शिवाय 50 मीटर चुकणं खंदकातल्या माणसाला जीवदान असतं, शहरात मात्र बॉम्ब शेजारच्या इमारतीवर पडतो.

आता पाडण्याकडे. बॉम्ब लहान, रडारवर ठिपका बारीक, इंजिन नसल्यामुळे उष्णता नगण्य. खांद्यावरून डागायच्या उष्णताशोधी क्षेपणास्त्रांना पकडायला फार काही नसतं. पॅट्रियटचं एक पीएसी-3 एमएसई क्षेपणास्त्र सुमारे 40 लाख डॉलरचं, समोरचा संच काही दहा हजार डॉलरचा, आणि एक विमान दोन-चार बॉम्ब टाकून जातं. तोफ स्वस्त पडते. 35 मिलिमीटरचा अहेड गोळा हवेत फुटून टंगस्टनच्या 152 गोळ्या फेकतो, पण कामाचा पल्ला साधारण 4 किलोमीटर, म्हणजे हातात 16 ते 20 सेकंद. गोळ्यांनी जाड लोखंड फुटत नाही, पंख किंवा शेपटी मोडते. तो बॉम्ब मग भरकटून अलीकडे पडतो आणि तिथे फुटतोच. पूल, वीजकेंद्र अशा एखाद्या ठिकाणासाठी तोफ ठेवावी. 1000 किलोमीटरच्या आघाडीसाठी नाही.

जे बॉम्ब येणारच आहेत त्यांच्यासाठी फावडं. स्फोटाच्या दाबाचा पल्ला स्फोटकांच्या घनमुळाने वाढतो: फाब-1500 मध्ये सुमारे 675 किलो स्फोटकं, सव्वादोन पट, पण पल्ला फक्त 31 टक्के जास्त. म्हणून माणसांमधलं अंतर थोडं वाढवलं तरी नुकसान झपाट्याने उतरतं. दोघा-तिघांचे खड्डे, मध्ये 40-50 मीटर, नागमोडी खंदक. वरचं छत तुकड्यांपासून वाचवतं, थेट माऱ्यापासून नाही. उशिरा फुटणारा फ्यूज असेल तर बॉम्ब जमिनीत शिरून फुटतो आणि आजूबाजूचे बंकर आतून कोसळतात. बहुमजली इमारतीचं तळघर हा सापळाच: इमारत खाली येते, दार बुजतं. बसायचंच तर विरुद्ध टोकांना दोन बाहेर पडायच्या वाटा आणि आत एक पहार-फावडं. रेडिओचा अँटेना केबल टाकून दोन-तीनशे मीटर लांब. बॉम्ब सुटल्यापासून पडेपर्यंत चार-पाच मिनिटं मिळतात, रडारवरून खंदकापर्यंत खबर पोचता पोचता त्यातली निम्मी जातात. पहिला बॉम्ब पडला की ढिगाऱ्याकडे धावू नये, जोडीचा मागोमाग असतो.

हे गणित आपल्याकडे लडाखला बदलतं. लक्ष्यच साडेचार किलोमीटर उंचीवर असेल तर 11 किलोमीटरवरून सोडलेल्या बॉम्बकडे उंची साडेसहाच उरते, आणि 65 चा पल्ला 42 वर येतो. तिथे विमानाला जवळ यावंच लागतं. हे आपल्या विमानांनाही लागू. ऑगस्ट 2024 मध्ये सुखोई-30 वरून चाचणी झालेल्या आपल्या गौरव ग्लाइड बॉम्बचा एप्रिल 2025 च्या चाचण्यांतला जवळपास 100 किलोमीटरचा पल्ला समुद्रसपाटीवरचा आहे. आणि लडाखच्या खडकात फावडं चालत नाही. दगड फुटून त्याचेच तुकडे होतात, म्हणून तिथे खोदण्यापेक्षा दगडी भिंतीला आतून मातीच्या पोत्यांचं अस्तर द्यावं लागतं, आणि ती माती खालून गाडीने आणावी लागते.