बाबांच्या ट्रंकेतली बंदुकीची दारू

सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडायचं ठरलं आणि माळा रिकामा करताना बाबांची लोखंडी ट्रंक खाली आली. बाबा गेले तेव्हा त्यांची ३१५ बोअरची रायफल आम्ही रीतसर जमा केली होती. या ट्रंकेकडे मात्र कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. आत रिकामी पितळी काडतुसं, काडतूस पेटवणाऱ्या टोप्यांची डबी, एक नाजूक तराजू, वही आणि दारूचे दोन डबे होते. एकात आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची काळी दारू होती. दुसऱ्यात करड्या, बारीक दाण्यांची रायफलची दारू, वर लेबल शाबूत.

माझ्या मामेभावाकडे रायफलचा परवाना आहे. तो डबा हातात घेऊन म्हणाला, "ताई, फेकू नकोस. लेबल आहे, म्हणजे किती भरायची ते काढता येईल. चार दाणे जाळून बघू, जळले की झालं." काडतुसं बनवायला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली वेगळा परवाना लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता. मी तेवढ्यावरच नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांची वस्तू वाया जाऊ नये, असं मलाही वाटत होतं.

वाड्यातले एक काका पाषाणच्या एचईएमआरएल या स्फोटकांवर संशोधन करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं, तर त्यांनी आधी डबा भावाच्या हातून खाली ठेववला. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. कोरडी राहिली तर ती पिढ्यान् पिढ्या टिकते आणि म्हणूनच ठिणगीला तितकीच धोकादायक राहते. रायफलची धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची. ती तयार झाल्या दिवसापासून आतल्या आत हळूहळू विघटित होत असते. त्यातून निघणारी आम्लं तिलाच आणखी खातात. ती आम्लं शोषून घ्यायला डायफिनाइलअमिनसारखं रसायन घातलेलं असतं, पण ते कधीतरी संपतं, आणि उष्णतेत लवकर संपतं. आमचा माळा थेट पत्र्याखाली. पुण्यातले एप्रिल-मे त्या डब्याने किती काढले असतील! आंबट, झोंबणारा वास, तांबूस धूळ, डब्याला आतून गंज, ही बिघाडाची लक्षणं. पण ती दिसली नाहीत म्हणजे दारू चांगली, असं नव्हे. उघड्यावर चार दाणे नीट जळतात, यावरून नळीत किती दाब होईल ते कळत नाही. फ्रान्सच्या तुलाँ बंदरात १९०७ साली 'इएना' आणि १९११ साली 'लिबर्ते' या युद्धनौका अशाच बिघडलेल्या दारूने उडाल्या, शेकडो माणसं गेली. हे सांगताना काकांचा आवाज बदलला होता.

पुढे डबे जमा करण्यासाठी कागदांचं काम. एका ठिकाणी मला सांगितलं, "उद्या डबे घेऊन या." स्कूटरवर, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून? मी नाही म्हटलं आणि लेखी अर्ज दिला: वस्तूंची यादी, कुठे ठेवल्यात, बाबांच्या परवान्याची प्रत, मृत्यूचा दाखला. परवानाधारक गेल्यावर असा दारूगोळा विनाविलंब जमा करायचा असतो, हेही त्यात लिहिलं. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. मधल्या दिवसांत डबे अंगणातल्या सावलीच्या खोलीत, गॅस आणि विजेच्या बोर्डापासून लांब होते. त्या खोलीची किल्ली आईने गळ्यातच घातली होती.

तिसऱ्या दिवशी बॉम्बशोधक व नाशक पथकाची माणसं आली. आम्हाला सगळ्यांना रस्त्यावर उभं केलं. पंचनामा झाला, मी सही केली आणि दोन्ही डबे आणि टोप्या गेल्या. सगळं मिळून तासभरही लागला नाही.

वही मात्र आमच्याकडेच राहिली. त्या संध्याकाळी भाऊ ती चाळत बसला होता. बाबांचं अक्षर सुवाच्य. तारीख, दारूचं वजन, नेम कसा बसला, सगळं ओळीने. एका पानावर तो थांबला आणि वही माझ्याकडे सरकवली. तिथे लिहिलं होतं: 'जुन्या डब्यातली उरलेली दारू नव्यात ओतली. लेबल बदलायचे आहे.'