अमळनेर ते बंगळुरू: बिबडे, डिंकाचे लाडू आणि सात किलोंचा हिशेब

वहिनीचं बाळंतपण बंगळुरूला. आईला तिथे पोचवायचं होतं, आणि आईबरोबर तिचं सामानही. अमळनेरहून आगगाडीने जळगाव, जळगावहून लहान विमानाने पुणे आणि पुण्याहून मोठ्या विमानाने बंगळुरू असा आमचा मार्ग. दोन विमानं, दोन कंपन्या, दोन वेगळी तिकिटं. हा वृत्तांत मुख्यतः सामानाचा आहे, कारण खान्देशातून विमानाने निघणाऱ्या घरांना खरा त्रास होतो तो सामानाचाच. तिकीट मुलं मोबाइलवर काढून देतात, पिशव्या आई भरते, आणि या दोन गोष्टींची गाठ पडते ती थेट विमानतळावरच्या काट्यापाशी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे आमच्याकडे वाळवणाचा हंगाम असतो. ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, उडदाचे पापड. त्यात भर म्हणून कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, घरी कुटलेला काळा मसाला, नंदुरबारच्या मिरचीचं तिखट, कैरीचं लोणचं. बाळंतिणीसाठी डिंक-गोडंबीचे लाडू, अहळीव, बाळंतशेपा. बाळासाठी जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची दुपटी. "तिकडे सगळं मिळतं, कशाला वाहून न्यायचं?" असं सांगणारे पुष्कळ भेटले. मिळत नाही. चांगली गोडंबी बंगळुरूच्या दुकानात शोधून पाहा. आणि पहाटे उठून गच्चीवर घातलेले बिबडे तर कुठल्याच ॲपवर येत नाहीत. म्हणून मी आईला "कमी ने" असं म्हटलं नाही. कसं न्यायचं, एवढंच आम्ही दोघींनी बसून ठरवलं.

आधी नियम. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर आपल्याकडे बहुतेक कंपन्या चेक-इन सामान, म्हणजे खिडकीवर देऊन विमानाच्या पोटात जाणारं, माणशी १५ किलो आणि हातातली एक बॅग ७ किलोपर्यंत देतात. हातातल्या बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, म्हणजे तिन्ही बाजू मिळून ११५. यात तीन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, काही कंपन्यांचे १५ किलो हे एकाच नगापुरते असतात. सात-सात किलोंच्या दोन पिशव्या नेल्या तरी दुसऱ्या पिशवीचे पैसे पडतात. दुसरं, २०२१पासून कंपन्यांना चेक-इन सामानाशिवायचं स्वस्त तिकीट विकायची मुभा आहे. शोधताना ते सगळ्यात वर दिसतं आणि घरातला कोणीतरी पोरगा तेच काढतो. तिकिटावर सामानाच्या रकान्यात किती किलो लिहिलंय ते पैसे भरण्याआधी वाचा. तिसरं, तिकिटं वेगळी असतील तर मधल्या विमानतळावर बॅग पट्ट्यावरून उचलून पुन्हा रांगेत उभं राहावं लागतं. तिथे काटा दुसरा, माणसं दुसरी आणि नियमही दुसऱ्या कंपनीचे. दोन्ही टप्प्यांत ज्याची मर्यादा कमी, तीच आपली मर्यादा धरून घरून निघायचं.

वजन आम्ही घरीच केलं, तेही गल्लीतल्या किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. न्हाणीघराबाहेरच्या माणसं मोजायच्या काट्यावर बॅग मोजू नका, किलो-अर्ध्या किलोचा फरक सहज येतो. एक गोष्ट आवर्जून सांगते, रिकामी बॅग आधी मोजा. घरातली चाकांची मोठी कडक बॅग रिकामीच चार किलोंच्या आसपास भरली. पंधरातले चार तिथेच गेले. आम्ही ती ठेवून दिली आणि जाड कापडाची, चेनची हलकी बॅग घेतली. स्टीलचे डबेही काढले. आईला ते पटायला वेळ लागला, कारण डब्याशिवाय बिबडे मोडतात. मग बिबडे दुपट्यांच्या घड्यांमध्ये चळत करून ठेवले. कपडे न्यायचेच होते, त्यांनीच डब्याचं काम केलं. मोडले अगदी थोडे. बाजू नीट भरली असली की मधला माल हलत नाही.

काय कुठे ठेवायचं, हे वजनाइतकंच महत्त्वाचं. तिखट, काळा मसाला, लोणचं हे सगळं चेक-इनमध्येच. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, आणि तिखटाची पुडी सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात. पिठाची पिशवीही खालीच जाऊ द्या, हातात ठेवली तर बॅग उघडून तपासणी ठरलेली. लोणच्याला काचेची बरणी नको. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड बांधा, ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि कपड्यांपासून लांब ठेवा. अडकित्ता, विळी, सुरी यातलं काहीही हातात नको.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र हातातही नको आणि खालीही नको. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून विमानवाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. आमच्या भागात खोबऱ्यावाचून मसाला होत नाही, त्यामुळे हे अनेकांना खोटं वाटतं. आईलाही वाटलं. लाडवांत किसून भाजलेलं खोबरं गेलंच होतं. वाट्या आम्ही बंगळुरूला विकत घेतल्या.

पॉवर बँकेचं याच्या अगदी उलट. ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच हवी, आणि १०० वॉट-अवरपर्यंत. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, तेव्हा ती चालते.

जळगावचं विमानतळ कुसुंब्याजवळ, शहराला लागूनच आहे. लहान आहे, गर्दी बेताची, माणसं बोलायला मोकळी. आमची चेक-इनची बॅग तिथे विनासायास गेली. पण इथून सुटणारं विमान एटीआर जातीचं, सत्तरेक माणसांचं, पंख्यांचं. त्यात डोक्यावरचे कप्पे उथळ असतात. मोठ्या विमानात सहज बसणारी चाकांची केबिन बॅग इथे बसत नाही. ती शिडीपाशीच घेतात, चिठ्ठी लावतात आणि विमानाच्या पोटात ठेवतात. याचे पैसे घेतले नाहीत आणि घ्यायलाही नकोत. फक्त तेवढ्या घाईत बॅगेतून औषधं, दागिने, रोकड, कागदपत्रं आणि पॉवर बँक काढून घेता आली पाहिजेत. हे सगळं आम्ही बॅगेत अगदी वर, एका कापडी पिशवीत वेगळं ठेवलं होतं. चेन उघडली, पिशवी ओढली, बॅग दिली. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिच्या मांडीवर राहिल्या. वयस्क माणसाबरोबर जाणाऱ्या प्रत्येकाने ही कापडी पिशवी करावीच.

पुण्यात मात्र मनस्ताप झाला. किराणा दुकानाच्या काट्यावर साडेचौदा भरलेली, जळगावात चाललेली तीच बॅग इथे पंधराच्या बरीच वर दाखवू लागली. खिडकीवरच्या मुलीने जादा वजनाचे पैसे सांगितले, किलोमागे पाचशेहून अधिक. आई माझ्या कानाशी येऊन विचारत होती, "काय म्हनस व ती?" मी शांतपणे म्हटलं की बॅग शेजारच्या खिडकीच्या काट्यावर ठेवून पाहू. तिथे ती पंधराच्या आत आली. तिनेही मग वाद न घालता चिठ्ठी लावली. हे लक्षात ठेवा. बॅग ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा, पट्टा किंवा कोपरा कशाला टेकलेला नाही ना ते बघा, आणि शंका आली तर दुसऱ्या काट्यावर वजन मागा. जिथे वजनावर पैसे घेतात, तिथल्या काट्याची वैधमापन विभागाकडून पडताळणी आणि मुद्रांकन व्हायलाच हवं. किराणा दुकानदाराला हा कायदा लागू आहे तसा विमान कंपनीलाही आहे.

खरी खंत पुढची. विमानात चढायच्या दारापाशी हातातल्या बॅगा मोजायला एक जण उभा होता. सगळ्यांच्या नाही. पाठीवर फुगलेली सॅक आणि हातात आणखी एक पिशवी अशी तरुण मुलं पुढे निघून गेली, आणि त्याने लुगडं नेसलेल्या माझ्या आईला बाजूला घेतलं. तिची बॅग सातच्या आत होती. मग त्याने तिची खांद्याची पर्सही काट्यावर ठेवली आणि दोन्ही मिळून सातच्या वर जातं म्हणून पैसे मागितले. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचा नियम एका हातबॅगेचा आहे हे खरं, पण त्याच नियमात बाईची पर्स, शाल किंवा कोट, छत्री किंवा काठी, वाचायची पुस्तकं, लॅपटॉप, तान्ह्या बाळाचं खाणं या वस्तू वेगळ्या धरल्या आहेत. मी ते सांगितलं. तो म्हणाला, कंपनीचा नियम वेगळा आहे. आईने तिथेच, रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, खाली बसून बॅग उघडली आणि लाडवांचा डबा बाहेर काढला. काय कमी करू, असं ती त्याला विचारत होती. मी डबा पुन्हा आत ठेवला आणि पैसे भरले, कारण विमान सुटायला आलं होतं आणि आईला तसं बसलेलं मला पाहवत नव्हतं.

वजनाला मर्यादा असण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. विमानाचा तोल आणि इंधन वजनावर ठरतं, ते हलकं घेऊन चालत नाही. माझं म्हणणं दराबद्दल आणि जागेबद्दल आहे. २०१६ साली डीजीसीएने, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाने, १५ ते २० किलोंमधल्या जादा वजनाला किलोमागे १०० रुपयांची मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २०१७मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून दर वरच चाललेत. अमेरिकेतही हेच घडलं. इंधन महागलं म्हणून २००८ साली अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, पाठोपाठ बाकीच्या कंपन्या आल्या, आणि इंधन उतरल्यावरही ती रक्कम गेली नाही. खालच्या सामानाला पैसे लागले की माणसं सगळं हातात घेतात, मग डोक्यावरचे कप्पे भरतात, मग हातातल्या सामानावर काटा येतो. ही साखळी प्रवाशाने सुरू केलेली नाही, आणि तिचा दंड रांगेतल्या सगळ्यात बुजऱ्या माणसाने भरावा हे मला मान्य नाही.

आता उपयोगाचं. पंधरात बसणार नाही असं घरीच दिसत असेल, तर जादा वजन कंपनीच्या वेबसाइटवर आधीच विकत घ्या. पाच, दहा, पंधरा किलो अशा टप्प्यांत मिळतं आणि खिडकीवरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं. सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकावर, काढा, आणि वजन एकत्र धरतात का ते कंपनीला आधी विचारा. घरात कोणी शिकायला चाललं असेल तर विद्यार्थी सवलतीचं तिकीट पाहा, त्यावर काही कंपन्या जादा सामान देतात. आपल्या कंपनीचा हातातल्या सामानाचा नियम मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा, कारण दारापाशी नेट चालेलच असं नाही. आणि आईवडिलांना रांगेत आपल्या पुढे ठेवा, मागे नको. मागे राहिलेलं एकटं माणूस आधी अडवतात.

जे मोडत नाही, नासत नाही आणि लगेच लागत नाही, ते विमानाने नेऊच नका. कळण्याचं पीठ, अहळीव आणि उरलेली दुपटी आम्ही खोक्यात भरून टपालाच्या पार्सलने आधीच पाठवली होती. ती व्यवस्थित पोचली. खोक्याच्या आत पत्त्याची आणखी एक चिठ्ठी टाका, वरची फाटली तरी माल हरवत नाही.

पैसे भरावे लागलेच तर पावती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावतीवर वजन आणि दर लिहून मागा. पट्ट्यावर आलेली बॅग फाटलेली किंवा ओली दिसली, तर हॉलमधून बाहेर पडण्याआधी कंपनीच्या टेबलावर लेखी नोंद करा. बाहेर पडल्यावर तीच गोष्ट सिद्ध करणं फार जड जातं. पर्सच्या प्रकरणात मी आधी कंपनीकडे आणि मग नागरी उड्डाण मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार केली, पावती आणि नियमाचं छायाचित्र जोडून. कंपनीने पैसे परत केले नाहीत, पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर देऊ केलं. मी ते नाकारलं आणि तक्रार उघडीच ठेवली आहे. तुमच्याबाबतीत असं घडलं तर तुम्हीही लिहा. रक्कम लहान असते म्हणून सगळे सोडून देतात, आणि म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या आईकडून घेतली जाते.

परतीला आईच्या बॅगा निम्म्या रिकाम्या असतील, तरी तिचं तिकीट मी कर्नाटक एक्सप्रेसचं काढलं आहे. बंगळुरूहून मनमाड, भुसावळकडे येणारी ही गाडी आपल्या भागातल्यांच्या सोयीची आहे. थर्ड एसीला माणशी ४० किलो सामान मोफत नेता येतं, आणि वय सांगितलं असेल तर खालचा बर्थ मिळायची शक्यता चांगली. वेळ खूप जास्त लागतो, सोबतही हवी, म्हणून भाऊ येणार आहे तिला सोडायला. बाळंतिणीपाशी वेळेवर पोचायचं होतं म्हणून जाताना विमान घेतलं. येताना तिला घाई नाही.