काकांना ग्लायडरमध्ये बसायचं होतं

युरोपात ग्रुप नेणाऱ्या माझ्यासारख्या टूर मॅनेजरला पॅराग्लायडिंगची सोय करणं फारसं अवघड जात नाही. स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला आदल्या दिवशी फोन केला तरी त्यांची गाडी हॉटेलच्या दारात येते. ग्लायडरचं, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानाचं, गणित निराळं. ग्लायडर मुख्यतः क्लबांकडे असतात आणि क्लब चालवतात त्यांचे सभासद. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी धावपट्टीवर यायचं. विंच (जमिनीवरून दोराने ओढून ग्लायडर वर चढवणारं यंत्र) चालवणारा, पंखाचं टोक धरून धावणारा, उड्डाणाच्या वेळा लिहून घेणारी, बरेचसे बिनपगारी. काही ठिकाणी पूर्णवेळ शाळाही आहेत, पण तिथेही शेवटचा शब्द हवामानाचा. दुपारी दोनचं पक्कं तिकीट असा प्रकार सहसा नसतो.

हे सगळं मी काकांना पुण्यात पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मला माहीत आहे. हडपसरलाही आम्ही पहाटेपासून वाऱ्याची वाट बघत बसायचो."

काका चौऱ्याहत्तर वर्षांचे. कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होते आणि हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर 'रोहिणी'तून उडाले होते. रोहिणी हे आपल्याकडेच आखलेलं दोन आसनी ग्लायडर, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसायचे. पुढे नोकरी, संसार, बदल्या. आता दोन कुटुंबं आणि मित्रमंडळी मिळून जर्मनी-प्राग अशी खासगी सहल ठरत होती आणि त्यात काकांचं एकच मागणं होतं: फ्रँकफर्टहून वायमारला जाताना वाट थोडी वाकडी करून वासरकुप्पे.

वासरकुप्पे हा ऱ्होन डोंगररांगेतला ९५० मीटर उंचीचा माथा, हेसन राज्यातला सर्वांत उंच. फुल्डा नदी इथेच उगम पावते. डार्मश्टाटचे विद्यार्थी १९११ पासून या उघड्या, गवताळ माथ्यावर घरी बांधलेली ग्लायडर घेऊन येत. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर कडक बंधनं आली, तेव्हा उडण्याची ओढ असलेल्या तरुणांना बिनइंजिनाचं उड्डाण एवढाच रस्ता उरला. १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने इथे पहिली स्पर्धा भरली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९२२ मध्ये, आर्थर मार्टेन्स 'व्हँपायर' नावाच्या ग्लायडरमधून तासाहून जास्त वेळ हवेत राहिला. त्याआधी मिनिटांचा हिशोब चालायचा. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. अशा माणसाला "काका, त्याऐवजी हेलिकॉप्टर राईड घ्या" म्हणणं मला शक्यच नव्हतं.

मी फेब्रुवारीत पत्रव्यवहार सुरू केला. पाहुण्याचं वय, उंची, कपड्यांसकट वजन, चढता-उतरता येतं का, कुठली भाषा कळते, सगळं आधीच लिहून पाठवलं. काकांना एक स्टेंट होता. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना मी स्वतः भेटले आणि विंचने उडताना नेमकं काय होतं ते सांगितलं: साधारण तीन सेकंदांत ताशी शंभर किलोमीटर, मग नाक वर करून तीव्र चढ, आणि मिनिटाच्या आत दोर सुटतो. त्यांनी ट्रेडमिल चाचणी करून पत्र दिलं. विम्याचं काम जास्त किचकट निघालं. आमच्या प्रवास विम्यात नेहमीच्या प्रवासी विमानाखेरीज इतर उड्डाणांना संरक्षण नव्हतं. वेगळं कलम जोडून घेतलं आणि उडवणाऱ्यांकडूनही, त्यांच्या बाजूने प्रवाशाला किती संरक्षण आहे, ते लेखी मागवलं. ही दोन्ही कागदं हातात आल्याशिवाय मी कुणालाही बसवत नाही, पाहुणे कितीही घाई करोत.

परवान्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. भारतातला ग्लायडर परवाना दाखवून तिथे एकट्याने उडता येत नाही, त्याला आधी तिथल्या यंत्रणेची मान्यता लागते. प्रशिक्षकाबरोबर मात्र परवाना नसला तरी चालतं. काकांना तेवढंच हवं होतं.

जूनमधला शनिवार उजाडला. गेर्सफेल्डपर्यंत ऊन होतं. घाट चढायला लागलो आणि शेवटच्या वळणांवर मिनीबस ढगात शिरली. वर पोहोचलो तर जुन्या रडारचा पांढरा घुमटही दिसेना. ग्लायडर हँगरमध्ये, माणसं कॉफी पीत बसलेली. उड्डाणप्रमुख बाईंनी मला खिडकीशी नेऊन पश्चिमेकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, एक वाजता बोलू.

मंडळींना मी ग्लायडर संग्रहालयात नेलं. काका तिथे गाईड झाले. ओटो लिलिएनथालच्या ग्लायडरची प्रतिकृती दाखवून त्यांनी मुलांना सांगितलं की हा माणूस नुसत्या शरीराच्या झोक्याने तोल सांभाळायचा आणि १८९६ मध्ये अशाच एका उड्डाणात पडून गेला. मुलं गप्प होऊन ऐकत होती. नंतर ती उन्हाळी घसरगाड्यांकडे पळाली आणि मी बाहेर बाकावर वेळापत्रक घेऊन बसले.

माझी खरी अडचण ढग नव्हती, घड्याळ होतं. चालकाचा दिवस साडेसातला सुरू झाला होता. युरोपातल्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत त्याला सलग अकरा तास विश्रांती मिळायलाच हवी, म्हणजे रात्री साडेआठला गाडी वायमारच्या हॉटेलात उभी पाहिजे. ही विश्रांती काही वेळा नऊ तासांवर आणता येते, पण ती सवलत मी प्रागच्या लांबच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. पुढचा रस्ता अडीच तासांचा. अर्धा तास हाताशी ठेवून साडेपाचला निघायचं, म्हणजे पाचपर्यंत काका जमिनीवर परतलेले पाहिजेत. मी हे उड्डाणप्रमुखांना सांगितलं, काकांना सांगितलं आणि काकूंनाही.

एकच्या सुमारास ढगाचा तळ माथ्यावरून उचलला गेला. अर्ध्या तासात हँगरची दारं उघडली आणि लांब पांढरे पंख गवतावर आले. रांगेत आधी त्यांचे विद्यार्थी होते, आणि ते योग्यच होतं. मग वारा फिरला आणि उड्डाणाची दिशा बदलावी लागली. दिशा बदलायची म्हणजे विंच एका टोकावरून दुसऱ्या टोकाला न्यायचा, दोर पुन्हा अंथरायचा, ग्लायडर पलीकडे ओढत न्यायचे. पाऊण तास गेला. ग्रुपमधले एक जण माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, एका माणसासाठी सगळ्यांचा दिवस चाललाय." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मी त्यांना ठरलेली वेळ दाखवली आणि सांगितलं, साडेपाचला काका उडालेले असोत वा नसोत, गाडी निघेल. काका मागेच उभे होते. त्यांनी मान डोलावली.

चार वाजता त्यांना हाक आली. ग्लायडर होतं एएसके २१, याच डोंगराच्या पायथ्याशी पॉपेनहाउझेनमध्ये श्लायशर कंपनीने बांधलेलं, पंखांचा विस्तार १७ मीटर. काका किरकोळ अंगाचे, ५८ किलोचे. पुढच्या आसनावर कमीत कमी ७० किलो लागतात, म्हणून प्रशिक्षकाने पुढे शिशाचं वजन बसवलं. पॅराशूट, पाच पट्ट्यांचा हार्नेस. काकांनी छताच्या काचेवर चिकटवलेल्या लोकरीच्या दोऱ्याला बोट लावलं आणि मागे वळून प्रशिक्षकाकडे पाहून हसले. वारा सरळ येतोय की तिरका, हे सांगणारा तो दोरा. त्यानंतर प्रशिक्षकाने त्यांना पाहुण्यांसाठीची माहिती सांगणं थांबवलं आणि फक्त वेग सांगितले.

दोर ताणला गेला. ग्लायडर थोडं सरकलं, उचललं गेलं आणि पतंगासारखं वर चढत गेलं. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. साधारण चारशे मीटरवर दोर सुटला आणि त्याच्या टोकाची छोटी छत्री उघडून खाली येऊ लागली.

विंचवरून सुटलेल्या ग्लायडरला वर चढणारी हवा मिळाली नाही तर ते सात-आठ मिनिटांत खाली येतं. पहिली काही मिनिटं तसंच दिसत होतं, दर फेरीला ते थोडं खाली. मग ते पश्चिमेच्या उतारावर गेलं. तिथे वारा डोंगरावर येऊन वर वळतो, आणि त्यात नुकत्याच तापलेल्या गवतावरून सुटलेली उबदार हवा मिसळली असावी. ग्लायडर वळलं, परत वळलं आणि या वेळी फेरी संपली तेव्हा ते आधीपेक्षा वर होतं. बाजूला उभ्या पोरांनी माना वर केल्या. तेवढ्यात आणखी एक ग्लायडर त्याच्या खाली येऊन त्याच हवेत फिरू लागलं.

रेडिओवर प्रशिक्षक काही बोलला. उड्डाणप्रमुख बाई मला म्हणाल्या, "आता ते स्वतः फिरवतायत." मी काकूंना सांगितलं. काकूंनी विचारलं, "स्वतः म्हणजे? हे?" आणि मघाशी दिवस वाया चालल्याचं म्हणणारे गृहस्थ मुलांना बोलावून बोट दाखवायला लागले, "ते बघ, ते आपले काका."

पाचला चार मिनिटं कमी असताना ते खाली आले. गवतावर एकदा हलकं टेकलं, घसरत आलं आणि एका पंखावर कललं. सेहेचाळीस मिनिटं. छत उघडल्यावर प्रशिक्षकाने मला सांगितलं की अजून वर जाता आलं असतं, ढगापर्यंत बरीच जागा होती, पण यांनीच घड्याळ दाखवून परत फिरायला सांगितलं.

काकांना उठवायला दोघांनी हात दिला. पाय जरा कापत होते. काकूंनी पाण्याची बाटली पुढे केली तर ती हातात तशीच धरून ते मला म्हणाले, "अगं, रोहिणी फारच लवकर खाली यायची. हे खाली यायला तयारच नाही!" मग आठवल्यासारखं प्रशिक्षकाकडे वळून त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि विंच कोण चालवत होतं ते विचारलं. विंच पार पलीकडच्या टोकाला होता, तिथवर जायला वेळ नव्हता. उड्डाणप्रमुखांनी रेडिओ काकांच्या हातात दिला. काकांनी इंग्रजीत आभार मानले आणि पलीकडून विंचवाल्या मुलीने वजन एवढं कमी असूनही दोर छान ताणला गेल्याचं सांगितलं.

साडेपाचला गाडी निघाली. मी हॉटेलला फोन करून जेवण पावणेनऊला मागितलं. आमचं वेळापत्रक जमलं होतं, चालकाच्या विश्रांतीला धक्का लागला नव्हता, आणि मागच्या सीटवर काकू विचारत होत्या की शिसं नेमकं किती बसवलं होतं, आणि बासष्ट किलोच्या माणसाला किती लागेल.