जूनचा जन्म

काल सकाळी तर्री-पोहे खाताना भाच्याने मोबाईल पुढे केला. "मामा, हा पोट्टा खेळू द्या म्हणून कोर्टात गेला जी!"

डिएगो पाविया, तेव्हा अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू. एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळांची संघटना. तिचा तेव्हाचा नियम असा की पाच वर्षांत चारच हंगाम खेळायचे. त्यात त्याची ज्युनिअर कॉलेजातली (तिकडचं, शाळेनंतरचं दोन वर्षांचं; आपलं अकरावी-बारावीचं नव्हे) वर्षंही मोजली, आणि ते कॉलेज तर एनसीएएत येतच नाही! डिसेंबर २०२४ मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशांनी त्याला २०२५ चा हंगाम मोकळा करून दिला.

घास घशातच राहिला माझा. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांना पंचविशीची अट, वय १ जुलैला मोजायचं. माझा खरा जन्म दसऱ्यानंतरचा. पण पहिलीत घालताना गुरुजींनी जून लिहून टाकला (आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस जूनमध्येच). एम. ए.च्या शेवटच्या वर्षी, कबड्डीच्या निवडीनंतर, क्रीडा विभागातल्या बाबूने टीसीवरच्या तारखेभोवती पेन्सिलने गोल काढला अन् म्हणाला, "भाऊ, तुम्ही बसत नाही." चार महिने जास्त भरले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सचं हायकोर्ट सायकलने दहा मिनिटांवर. तिकडे जावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही, माझ्या तर नाहीच.

टीसीवर तो गोल अजून आहे. भाच्याला दाखवला. त्याने आधी स्वतःची जन्मतारीख सांगितली, मग दुसरी प्लेट मागवली.