नावाच्या शेवटचा चौकोन

दसरा झाला की लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनशिवाय दुसरा विषय नसतो, आणि अशा गर्दीत नवीन सॉफ्टवेअर घेऊन जाऊ नये हे मलाही कळतं, पण पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या चिठ्ठीच्या, प्रोग्रामची खरी टेस्ट तेव्हाच होते त्याला काय करणार. काम तसं साधंच, शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, त्यातून हमाली तोलाई वजा जाता हातात किती, एवढं छापून द्यायचं. जुना प्रोग्राम सी या प्रोग्रामिंग भाषेतला, लिहिणारा कधीच पुण्याला गेला. तो रस्ट या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायचं काम दोन ट्रेनींकडे, एक औशाचा पोरगा अन् एक उदगीरची पोरगी, दोघंही शिकत शिकतच लिहायलेत, त्यामुळे माझा अर्धा दिवस त्यांच्या प्रश्नांतच जातो.

त्या दिवशी गाडीतच सुरू झाले. पोरगा म्हणे, मॅडम, ए या व्हेरिएबलमधली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बी ला दिली की ए वापरताच येत नाही, ई०३८२ एरर, पण आकडा असला की चालतंय, हा काय भेदभाव? मी बोलायच्या आत पोरगीच म्हणाली, अरे सातबारा समज की, फेरफार झाला की जुन्या मालकाचं नाव उतरलं, मग बघायला बांधावर कितीही जण येऊ देत, नांगर मात्र एका वेळी एकाचाच. झालं, बॉरो चेकर, म्हणजे रस्टमधला हा मालकी तपासणारा भाग, समजावून संपला. आकड्याचं मी सांगितलं, की आय३२ हा आकड्याचा प्रकार चार बाइटचा, सरळ कॉपी होतो, स्ट्रिंगच्या व्हेरिएबलमधे मात्र ६४ बिट मशीनवर २४ बाइट असतात, पत्ता, लांबी आणि कपॅसिटी, खरा मजकूर असतो हीपवर, म्हणजे मेमरीच्या वेगळ्या भागात, अन् तो पत्ता दोघांकडे राहिला तर शेवटी दोघंही तीच मेमरी मोकळी करायला जाणार. तो म्हणाला मग मी सगळीकडे क्लोन, म्हणजे पूर्ण नक्कल, मारतो, आणि कोड उघडून बघितला तर आधीच मारून ठेवलेले. मी काही बोलले नाही. शिकणाऱ्याने बिनधास्त क्लोन मारावेत, पट्टी छापायला त्याने काडीचाही फरक पडत नाही.

दुकानाच्या मालकांनी जुनं काढू दिलं नव्हतं, ते बरंच झालं. दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी, एकच नोंद दोन्हीकडे टाकायची. सौदे निघाले, काट्यावर गर्दी झाली, आणि मालकांचा आवाज, "ओ ताई, तुमचं नवीन बंद पडायलंय की!"

स्क्रीनवर थ्रेड मेन पॅनिक्ड, म्हणजे रस्टने प्रोग्राम थांबवला, कारण बाइट इंडेक्स ३० ही कॅरेक्टरची सीमा नाही, तो 'ा' च्या आत आहे, बाइट २८ ते ३१. नाव होतं विठ्ठल ज्ञानोबा (बदललेलं नाव आहे, लांबी मात्र तेवढीच). पट्टीवर नावाला ३० बाइटची जागा ही जुनी ठरलेली गोष्ट, पोराने तीच उचलून नाव ३० पेक्षा मोठं असेल तर तिथे कापायचं असं लिहिलेलं. ऑफिसात कसं चाललं मग? टेस्टची सगळी लांब नावं एकशब्दी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं, तीनच्या पाढ्यात ३० येतं, बरोबर सीमेवर काप बसायचा. नाव आणि वडिलांचं नाव यांच्यामधे एक स्पेस आली, ती एका बाइटची, अन् पाढा एकाने सरकला.

शेजारच्या जुन्या कॉम्प्युटरने तीच पट्टी आरामात छापली, विठ्ठल ज्ञ आणि पुढे एक चौकोन. मालक म्हणाले तो डबा तर लई दिवसांचा येतो, रक्कम बरोबर आहे ना मग कोण बघतंय.

आता पोराचा प्रश्न, आणि मला तो दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटला, "मॅडम, मग सी च बरं की, निदान बंद तर पडत नव्हतं." एवढ्या गर्दीत, ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत असताना याला काय सांगायचं? मी जुन्या पट्ट्यांचा गठ्ठा मागितला. दोन तीन पट्ट्या अशा सापडल्या की चौकोनाच्या पुढे गाडी नंबरचे आकडे चिकटलेले. जुन्या कोडमधे स्ट्रएनसीपीवाय हे मजकूर कॉपी करणारं फंक्शन वापरलंय, आणि मूळ नाव दिलेल्या जागेएवढं किंवा मोठं असलं की ते शेवटचा शून्य बाइट टाकतच नाही, छापणारा तो शून्य सापडेपर्यंत पुढची मेमरी वाचत जातो, पुढे गाडी नंबर होता म्हणून तो आला. पुढे दुसऱ्याची रक्कम असती तर? पोरगा गप्प. माझ्या मते भर बाजारात बंद पडलेलं परवडलं, पण दुकानदाराला हे पटेल असं मी म्हणणार नाही, त्याला दोन्ही नको असतं आणि त्याचंही बरोबरच आहे.

काम जुन्यावर सुरू ठेवलं आणि आम्ही पोत्यांच्या आडोशाला बसलो. पोरीने तोवर लातूर ही स्ट्रिंग घेऊन खेळ मांडलेला. लेन, म्हणजे बाइटमधली लांबी, १५ म्हणतंय, चार्स, म्हणजे सुटी चिन्हं, मोजले तर ५, अन् आपण लिहितो अक्षरं तीनच. उलटं केलं तर आलं रूताल. तऱ्हाच! काना त च्या अंगावर अन् ऊकार र च्या. सगळे हसलो. रस्ट स्ट्रिंगचं शून्यावं अक्षर मागितलं की देत का नाही हे समजवायला इंग्रजी ट्यूटोरियलं पानंच्या पानं खर्ची घालतात, कारण त्यांच्याकडे ए म्हणजे एक बाइट हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. बाराखडी घोकलेल्या पोरांना ते लगेच कळतं, अक्षर तुकड्यांचं असतं हे त्यांना पहिलीपासून माहीत आहे.

मग दुरुस्ती. आधी पोराने सीमा मिळेपर्यंत ३० वरून मागे सरकायचं केलं, इज कॅर बाउंड्री वापरून. २८ ला थांबलं, विठ्ठल ज्ञ, काना गेला. पोरगी म्हणाली मर्यादा २७ असती तर पाय मोडलेला ज् राहिला असता. म्हणून युनिकोड सेगमेंटेशन हा क्रेट, म्हणजे रस्टची तयार लायब्ररी, घेतला, कारण अक्षरं अशी मोजायची सोय रस्टच्या स्टँडर्ड लायब्ररीत नाही. त्यातही जुनं व्हर्जन घेऊन चालत नाही, देवनागरी जोडाक्षर एकच धरायचा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मधे आला, त्याआधी ज् वेगळा अन् ञा वेगळा पडायचा. आता ज्ञा पूर्ण बसत नसेल तर पूर्ण सोडतं.

हे आम्ही मोठ्या कौतुकाने मालकांना दाखवलं. ते म्हणाले, "पण ताई, नाव कापताच कशाला? कागद काय संपायलाय का, खाली दुसऱ्या ओळीत घ्या की."

घेतलं. आता स्पेसवर ओळ मोडते, आणि एकच शब्द फार लांब असला तरच तो क्रेट कामाला येतो.

राहिली जुनी फाइल. सी ने नावं कापूनच साठवलीत, त्यामुळे रस्टमधे वाचताना अर्धवट बाइटपाशी एरर येते, आणि लॉसीवालं, म्हणजे खराब बाइटच्या जागी खूण टाकणारं, फंक्शन वापरलं तर चौकोनाऐवजी प्रश्नचिन्ह. गेलेले बाइट कुठून आणणार? दुकानातल्या वह्यांवरून सगळी नावं परत टाइप करायची ठरलंय. त्या टायपिंगचे पैसे कोण देणार यावर मालकांशी अजून बोलणं चालूच आहे.